गेंडा, टोळ आणि नवी

४ जानेवारी, रविवार

साडूला अक्कल नाही. सहा वर्षं हे तोंडी म्हणत होतो, आजपासून लेखी.

सकाळी साडेनऊला गेंडा घेऊन आला. गेंडा म्हणजे त्याची अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल, घाटदगडांतून जायची ती उंच, धिप्पाड जात. कंपनीने काहीतरी इंग्रजी नाव ठेवलंय, गेंडा मी ठेवलं. आला तो आला, वर दारात पाच मिनिटं इंजिन चालूच. का, तर एकदम बंद केलेलं तिला आवडत नाही म्हणे. माझी स्कूटर शेजारीच उभी होती. तिच्याकडे बघून म्हणाला, काय राव, अजून हीच? ही हसली. हिची बहीण, म्हणजे त्याची बायको, तर आधीपासूनच हसत होती.

मी चहाचा कप जरा जोरात ठेवला, एवढंच. कान तुटला. कपाचा.

संकल्प: यंदा गाडी घ्यायची. अ‍ॅडव्हेंचरच. साडूच्या नाकावर टिच्चून.

११ जानेवारी, रविवार

आज जे घडलं ते शांतपणे लिहितो.

जेवताना बिट्टीने विचारलं. बिट्टी म्हणजे आमची एकुलती एक लेक. चोवीस वर्षांची, मागच्या वर्षी नोकरीला लागली. उंचीने आईवर गेली आहे. म्हणाली, बाबा, गेंडा, टोळ आणि ही आत्ता आलेली नवी, या तिघींत कुठली घ्यावी? मला नीट तुलना करून द्याल? तुमच्याइतकं बारीक कोणी बघत नाही.

(टोळ हेही नाव मीच ठेवलेलं. लांब तंगड्या, बारीक अंग, आठ वर्षं बाजारात. नवी मात्र नवीच. महिनाही झाला नाही. तिला नाव ठेवायला मन होत नाही.)

मी 'कोणासाठी' असं विचारलं नाही. गरजच काय? १२ फेब्रुवारीला मी पन्नास पूर्ण करतोय. लेक कमावती झाली आहे. दोन अधिक दोन चार.

मला कळलंय हे तिला कळू द्यायचं नाही. पोरीचा विरस होईल. चेहरा दगडासारखा ठेवला आणि बरं, बघतो, इतकंच म्हणालो. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. बिट्टीला भरून आल्यासारखं दिसलं. स्वाभाविक आहे.

१३ जानेवारी, मंगळवार

तक्त्याला सुरुवात. एक्सेलमध्ये चौदा रकाने. ताकद, टॉर्क, वजन, टाकी, ब्रेक, सस्पेन्शन, जमिनीपासून अंतर, सर्व्हिस, वगैरे. प्रत्येकाला दहापैकी गुण, प्रत्येक रकान्याला वेगळं वजन, म्हणजे महत्त्व.

इंटरनेटवर हे जे रिव्ह्यू करणारे आहेत ना, एकेकाला धरून बडवला पाहिजे. सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच: तुमच्या गरजेनुसार निवडा. अरे, गरज मला कळली असती तर वीस मिनिटं तुझं थोबाड कशाला बघितलं असतं! मी पंपाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तपासणी विभागात आहे. दोन शतांश मिलिमीटरने नग चुकला तर लाल शिक्का मारतो, नापास. 'तुमच्या गरजेनुसार वापरा' असा शिक्का मी आजवर मारलेला नाही.

१७ जानेवारी, शनिवार. जेवणाची सुट्टी

तपासणी खोलीत कोणी नव्हतं म्हणून एक मोजमाप उरकून घेतलं. तळपाय ते जांघ. भिंतीला पाठ टेकून, स्टीलची पट्टी लावून, सहा वेळा.

पहिली पाच मोजमापं ७१ सेंटिमीटरच्या आसपास आली. सहावं ७४. सहाव्या वेळी बूट घातले होते आणि जरा ताठ उभा होतो. गाडीवर बूट असणारच आणि ताठही असणारच. ७४ धरलं. बाकीची पाच पट्टीची चूक.

नवीच्या सीटची उंची ८४. टोळची ८६. गेंड्याची ८३.

सीटची उंची हा रकाना अनावश्यक आहे. गाडी चालवायला घेतात, उभी करायला नाही. रकाना 'एच' लपवून टाकला. खोडला नाही, फक्त लपवला. खोडणं अप्रामाणिक झालं असतं.

दारात लेथवरचा टर्नर उभा होता. कधीपासून, माहीत नाही. विचारत होता, साहेब, शिंप्याकडे जायला वेळ नाही का? या माणसाचे नग यापुढे दोनदा तपासायचे.

२४ जानेवारी, शनिवार

बिट्टी दर शनिवारी सकाळी कसल्याशा क्लासला जाते. धुळीने माखून येते. कुठला क्लास विचारलं तर म्हणाली, बाबा, तुम्हाला माहीतच आहे की. मला काही माहीत नाही. हल्ली मुलांना पूर्ण वाक्यात उत्तर देता येत नाही.

आज तिच्या खोलीत मोटरसायकलचे हातमोजे दिसले. गुपचूप घालून पाहिले. अंगठासुद्धा आत जाईना. पोटच्या पोरीला बापाच्या हाताचं माप माहीत नाही! संताप आला. मग वाटलं, सरप्राइज आहे, अंदाजाने आणले असतील. परत तसेच ठेवले. बदलून मिळतात.

१ फेब्रुवारी, रविवार

तक्ता पूर्ण.

पहिल्या बेरजेत गेंडा १३९, टोळ १२६, नवी १२१ आले. उघडच होतं की वजनं चुकली आहेत. साडूची गाडी पहिली येते म्हणजे गणितात कुठेतरी घाण आहे. 'सर्व्हिस' आणि 'सुटे भाग' यांना मी उगाच वजन दिलं होतं. ते कमी केलं. 'नावीन्य' आणि 'दिसणं' हे रकाने वाढवले. शिवाय नवीच्या शोरूमचा सेल्समन फोनवर म्हणाला की वर्षभरात जागोजागी सर्व्हिस सेंटर निघणार आहेत. म्हणून तिथे नवीला नऊ दिले. गेंड्याला चार. सगळीकडे मिळते हा काही गुण नाही. सगळीकडे तर डाससुद्धा मिळतात.

अंतिम: नवी १४७, टोळ १४१, गेंडा ११८.

बिट्टीला पाठवला. तिने पाच मिनिटांत विचारलं, बाबा, 'जी' रकान्यानंतर एकदम 'आय' कसा? मी म्हणालो, मधला निरर्थक आहे. तिने तो उघडला. बघून म्हणाली, सीट तर मला अगदी बरोबर आहे. तिला कशाला बरोबर असायला हवी? मागच्या सीटला कोण उंची विचारतं?

मग म्हणाली, लांब कुठे, एकटं असताना बंद पडली तर कुठली बरी? मी म्हणालो, नवी गाडी बंद पडत नसते. ती म्हणाली, तुम्ही म्हणताय म्हणजे झालं. हे वाक्य या घरात मी पहिल्यांदा ऐकलं.

८ फेब्रुवारी, रविवार

नवीच्या शोरूममध्ये टेस्ट राइड. घडलं ते क्रमाने लिहितो, कारण ही आतापासूनच वेगळं सांगायला लागली आहे.

एक. सेल्समन. केसांना इतकं तेल की त्यावर चेन चालली असती. मला बघून पहिला प्रश्न, सर, स्टूल आणू? मी म्हणालो, तुझ्या बापाला आण. बिट्टीने माझ्या वतीने सॉरी म्हटलं. मी म्हटलेलं नाही.

दोन. गाडी उत्तम. बसल्यावर डावा पाय जमिनीला लागतो. म्हणजे डाव्या पायाचा पुढचा भाग. अंगठा.

तीन. शोरूमच्या दारात उतार आहे. ज्या इंजिनिअरने तो केला त्याला मी जाहीर फटके मारीन. उजवीकडे उतार, मी थांबलो, उजवा पाय खाली टाकला आणि खाली जमीन नव्हती. ती पुढे सहा बोटांवर होती.

चार. गाडी आडवी झाली. मी पडलो नाही. गाडीच्या थोडा आधी उतरलो. आडवा उतरलो.

पाच. चौघे जण धावले आणि नुसते उभे राहिले. बिट्टी आली, गाडीकडे पाठ केली, गुडघ्यात वाकली, हँडल आणि मागची दांडी धरली आणि दोनशे किलोची गाडी एका दमात उभी केली. मी विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, क्लासमध्ये. मग ती गाडीवर बसली आणि गावाबाहेरच्या टेकडीपर्यंत चक्कर मारून आली. मला त्रास नको म्हणून माझी टेस्ट राइड तिने पूर्ण केली. पोर समंजस आहे.

सहा. आरसा गेला. सेल्समन फक्त हसला. त्याचं ते हसणं मी विसरणार नाही.

सात. पार्श्वभाग दुखतो आहे. त्याचा याच्याशी संबंध नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

चांभाराकडे बूट दिले. तळव्याला तीन सेंटिमीटरची भर घालायला सांगितली. म्हणाला, साहेब, नाटकात काम करता का? हल्ली साधं काम सांगावं तर मुलाखत द्यावी लागते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पन्नास पूर्ण.

सकाळी सहापासून खिडकीत उभा होतो. टेम्पो आला की दारापर्यंत जाऊन यायचो. दोन टेम्पो आले. एक पाण्याचा, एक शेजाऱ्यांच्या गाद्यांचा.

संध्याकाळी बिट्टीने खोका दिला. किल्लीसाठी जरा मोठाच वाटला. उघडला. ब्लडप्रेशर मोजायचं मशिन. ही म्हणाली, दोघींनी मिळून घेतलंय, तुमची चिडचिड फार वाढली आहे हो. मी चिडत नाही! हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा शेजारच्यांनी खिडकी लावली.

मोजून पाहिलं. १५८, १६१, १४९. १४९ धरलं.

अर्थात ही सगळी हूल आहे. खरी भेट मार्चमध्ये. नवीन मॉडेलला वेटिंग असतं हे मला माहीत नाही असं त्यांना वाटतं. आज समाधानी चेहरा करायला मला जे कष्ट पडले ते माझे मलाच माहीत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बूट आले. घालून कारखान्यात गेलो. पहिल्याच पायरीवर घोटा मुरगळला. टर्नरने खांदा दिला. वाटेत म्हणाला, साहेब, वरून हवा कशी आहे? त्याचे नग तीनदा तपासायचे.

साडूचा मेसेज: ऐकलं, शोरूममध्ये लोटांगण घातलंत. हिने बहिणीला सांगितलं आणि बहिणीने नवऱ्याला. घरचा भेदी म्हणतात तो हाच. मी उत्तरात एकच अंगठा पाठवला. तोही चुकून. डिलीट करायला गेलो तर हृदय गेलं.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी अकरा

डायनिंग टेबलवर बिट्टीने नकाशा पसरला होता. शाईने आखलेला रस्ता, बारा मुक्काम, घाट, नदी, पलीकडचं पठार, शेवटी समुद्र. प्रत्येक मुक्कामाला तिच्या अक्षरात लिहिलेलं: एक खोली, एक जण.

बघून गहिवरलो. पोरीने बापासाठी प्रवासच आखून ठेवला होता. तोही एकट्याचा. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी कळलं की या माणसाला एकटं सोडावं. हिला म्हणालो, बारा दिवसांची रजा आत्ताच टाकून ठेवतो.

ही म्हणाली, तुम्हाला रजा कशाला?

दुपारी दोन

अकरा वाजता पुढे जे झालं ते आत्ता लिहितो, कारण मध्ये लिहिण्याच्या स्थितीत नव्हतो.

गाडी बिट्टीची. बिट्टी घेणार, बिट्टी चालवणार, बिट्टी जाणार. एकटी. शनिवारचा क्लास मोटरसायकलचा. मोजे तिच्या हाताचे. ही म्हणाली, अहो, तुम्हाला काय वाटलं होतं? मी म्हणालो, मला काही वाटलं नव्हतं, मला सगळं माहीत होतं. ही माझ्याकडे बघत राहिली आणि मग हिला कळलं. नवऱ्याला काय वाटलं होतं ते बायकोला कळण्यासारखी वाईट गोष्ट जगात नाही. हसली असती तर बरं झालं असतं. हसली नाही.

वर म्हणाली, जानेवारीत बिट्टीने विचारलं आणि तुम्ही नुसतं बरं म्हणालात. आरडाओरडा नाही, मुलीच्या जातीने असं नि तसं नाही. तेव्हा पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणत होती, बाबा पहिल्यांदा न चिडता हो म्हणाले. आता तुम्हीच काय ते बघा.

मी बघतोच. चोवीस वर्षांची पोर, बारा मुक्काम, एकटी! त्या क्लासवाल्याला, त्या सेल्समनला, त्या नकाशा छापणाऱ्याला, सगळ्यांना एका रांगेत उभं केलं पाहिजे. बिट्टी घरी आली की स्पष्ट नाही म्हणून सांगणार आहे.

संध्याकाळी सहा

आली. म्हणाली, बाबा, दोन मार्चला, सोमवारी, नवी बुक करते. तुमच्या तक्त्यावर माझा पूर्ण भरवसा आहे.

मी म्हणालो, बरं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

एकोणतीस नग नापास केले. सुपरवायझर विचारायला आला. त्यालाही नापास केला असता, शिक्का हातातच होता.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. जेवणाची सुट्टी

सर्व्हिस, नऊ गुण.

हा आकडा कुठून आला? तेलकट सेल्समन फोनवर म्हणाला म्हणून. सव्वीस वर्षांत कोणाच्या तोंडी शब्दावर मी एक वॉशर पास केलेला नाही. माझ्यासाठी नऊ चालले असते. मी कुठे जाणार होतो? साडूच्या दारापर्यंत जाऊन इंजिन चालू ठेवून उभा राहणार होतो. बंद पडली असती तर रिक्षा करून आलो असतो.

ही पोर पठारावर असणार आहे.

तक्ता छापून घेतला आणि खाली लाल शिक्का मारला. माझाच शिक्का, माझ्याच कागदावर. इतका राग मला साडूचाही कधी आलेला नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत फोन. नकाशावरचे बारा मुक्काम, प्रत्येक ठिकाणचं गॅरेज शोधून काढलं, प्रत्येकाला तेच तीन प्रश्न. टर्नरच्या मेहुण्याचं गॅरेज निघालं एका ठिकाणी, म्हणून टर्नरशीही बोलावं लागलं. नीट बोललो.

निकाल. गेंडा: बारापैकी अकरा ठिकाणी दुरुस्त होते. टोळ: पाच. नवी: एकही नाही. जवळात जवळ म्हणजे इथलाच तेलकट.

चौथ्या मुक्कामाचा मेकॅनिक म्हणाला, नवी म्हणजे कुठली हो? फोटो पाठवा, बघू तरी. गेंड्याचं विचारलं तर म्हणाला, आणा की, डोळे बांधून उघडतो. सातव्या मुक्कामाच्या मेकॅनिकने विचारलं, कोण येणार आहे? मी म्हणालो, मुलगी. तो म्हणाला, नंबर देऊन ठेवा तिला, केव्हाही येतो. या माणसावर चिडायला काही सापडलं नाही. फोन ठेवताना अवघडल्यासारखं झालं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

कागदावरचं सगळं झालं. पण गाडी सहा वर्षांनी कशी वागते ते कागदावर नसतं. ते वापरणाऱ्याला विचारावं लागतं. वापरणारा माझ्या ओळखीत एकच आहे.

दहा वाजता फोन हातात घेतला. साडेदहाला ठेवला. अकराला ही म्हणाली, मी लावून देऊ का? अडला हरी... पुढचं लिहीत नाही, समजलं.

साडूला विचारलं, गेंडा कसा आहे, खरं सांगा, बिट्टीसाठी हवंय. मी तयारीत होतो. आता अर्धा तास टोमणे येणार, मग मी काय बोलणार, तेही कागदावर लिहून ठेवलं होतं. पण तो एवढंच म्हणाला, घरी येतो.

आला. स्कूटरकडे पाहिलंसुद्धा नाही. अडीच तास बसला. गेंड्यात काय काय खोट आहे ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. उन्हात मांड्या भाजतात. गर्दीत क्लच जड पडतो. आणि हळू वळताना आडवी होते. तो स्वतः सहा वर्षांत अकरा वेळा आडवा झाला आहे. अकरा! एकदा तर शोरूमच्या दारातच. हे त्याने आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मी शब्द दिला आहे की कोणाला सांगणार नाही. इथे लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे.

शेवटी म्हणाला, पण दादा, रस्त्यात सोडून गेली नाही कधी. बिट्टीला हीच द्या. दादा म्हणाला. मलाच.

१ मार्च, रविवार

बिट्टीला समोर बसवून सांगितलं की तक्ता चुकीचा आहे. किती चुकीचा, हेही सांगितलं. वजनं मी बदलली होती. नऊ गुण ऐकीव होते. का बदलली, ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. आईने सांगितलेलं दिसतंय.

नवा तक्ता दिला. रकाने तीनच. कुठे दुरुस्त होते, कोण करतो, त्याचा फोन.

तिने तो दोनदा वाचला. मग म्हणाली, नवी दिसायला किती छान होती ना बाबा. मी म्हणालो, हो. मग ती म्हणाली, गेंडा तर गेंडा.

अर्थात माझं मत पहिल्यापासून गेंडाच होतं. पहिली बेरीज बघा. १३९.

७ मार्च, शनिवार

गाडी आली. शोरूमवाल्याने किल्ली माझ्यापुढे धरली. घेतली. चार सेकंद. मग तिला दिली. हिने फोटो काढला, त्यात माझे डोळे मिटलेले आहेत. दुसरा काढ म्हणालो तर म्हणे, सगळ्यात तसेच येतात.

साडूही आला होता. दोन गेंडे शेजारी शेजारी.

२१ मार्च, शनिवार

पहिली सर्व्हिस झाली. शोरूमने केली ती मी पुन्हा केली. प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने तपासला. मागच्या ब्रेकचा एक ढिला होता. शोरूमच्या मॅनेजरला फोन करून जे बोललो त्यानंतर ब्लडप्रेशर १७२ होतं. एकदाच मोजलं.

२२ मार्च, रविवार. सकाळी सहा दहा

निघाली.

हेल्मेटच्या मागे तिने स्टिकर लावलंय. रायडर लोक लावतात. नाव, रक्तगट, आणि खाली संकटकाळी संपर्क. पट्टा तपासताना दिसलं. एक, काका. दोन, आई. तीन, बाबा.

काका म्हणजे साडू. मला वाटलं अनुक्रम चुकला असेल. विचारलं. अगदी शांतपणे विचारलं, ही साक्षीला आहे. बिट्टी हातमोजे घालत म्हणाली, बाबा, रागावू नका, पण तुम्हाला फोन केला की तुम्ही आधी चिडता आणि मग विचारता, कुठे आहेस. काका आधी कुठे आहेस विचारतात. रस्त्यात तेवढाच वेळ वाचतो.

मी म्हणालो, मी चिडत नाही. हळू आवाजात म्हणालो. तिने मान हलवली आणि गाडीवर बसली. दोन्ही पाय जमिनीला व्यवस्थित टेकले.

कोपऱ्यावर वळताना हात केला. आडवी झाली नाही.

सकाळी नऊ

पहिल्या मुक्कामाआधी चहाला थांबून फोन करणार आहे. हिला सांगून ठेवलंय की फोन मी उचलणार. पहिलं वाक्य ठरलं आहे: कुठे आहेस? दोनच शब्द. आवाज मऊ. न्हाणीघरात आरशासमोर दहा वेळा म्हणून पाहिलं. ही बाहेरून म्हणाली, अहो, इथेच आहे मी.

फोन चार्जिंगवरून काढला. खिशात ठेवला. मग टेबलवर ठेवला. मग हातात.

साडेनऊ

नाही आला.

दहा

नाही. टोलच्या रांगेत असेल. रांगा लावणाऱ्या या लोकांना काही काळवेळ आहे का? पोर उन्हात उभी.

दहा पंचवीस

हिला विचारलं, तुला आला का? नाही म्हणाली. साडूला आला असेल तर? विचारणार नाही.

दहा बावन्न

आला. पहिल्याच रिंगला उचलला. तिचा आवाज आला, बाबा. आणि मी ओरडलो. एवढा वेळ लागतो का? फोन करायला हात मोडले होते? इथे माणसं काय दगड आहेत? अजून बरंच. सगळं आठवत नाही. ही सांगते, दीड मिनिट चाललं होतं.

पलीकडे ती हसत होती. म्हणाली, ठीक आहे मी, बाबा. गाडी मस्त चालली आहे. ठेवते, निघायचंय. ठेवला.

अकरा पाच

ही म्हणाली, कुठपर्यंत पोचली?

विचारायचं राहिलं.

अकरा दहा

साडूला फोन करून विचारलं. घाटाच्या पायथ्याशी आहे.